अकरा वर्षांची रिकामी जागा

हैमवतीने पुन्हा नोकरी करायचं ठरवलं ही बातमी दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर पोचायला लिफ्टपेक्षा कमी वेळ लागला. अर्थात लिफ्ट बंद होती. पण ती चालू असती तरी बातमीनेच बाजी मारली असती, कारण निजामपेटच्या त्या इमारतीत बातमी जिन्याने जात नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून, फोडणीच्या वासाबरोबर वर चढते.

खरं तर तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. मे महिना होता, घरोघरी आवकायचं लोणचं घालायचे दिवस. कैऱ्यांच्या फोडी फडक्याने पुसता पुसता ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "अहो, मी परत लॅबमध्ये जाईन म्हणते."

सोमयाजुलू पाटबंधारे खात्यात सेक्शन ऑफिसर. समोर आलेल्या कुठल्याही प्रस्तावाला लगेच हो किंवा नाही म्हणणं हा सेवाशर्तींचा भंग आहे, अशी त्यांची चोवीस वर्षांची श्रद्धा. ते म्हणाले, "बघू."

"बघू काय? मी परवानगी नाही मागत, सांगतेय."

"मग मी तेच म्हणतोय. सांगितलंस. आता बघू."

संभाषण इथे संपलं. पण खिडकी उघडी होती.

हैमवती एका औषधांच्या कारखान्यात नऊ वर्षं गुणवत्ता तपासनीस होती. गोळीत जे असायला हवं ते आहे का आणि जे नको ते नाही ना, हे बघणं तिचं काम. मग एकाच आठवड्यात मुलीला टायफॉइड झाला आणि सासूबाई न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसल्या. हैमवतीने दोन महिन्यांची रजा टाकली. ती रजा अकरा वर्षं चालली. आता मुलगी सतरा वर्षांची, सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झालेली, आणि घरात हैमवतीला बसवेना. गेले सहा महिने तर कहर होता. दुधाची पिशवी आली की ती तापमान घ्यायची. मसाल्याच्या डब्यांवर तारखा, बॅच नंबर आणि 'तपासले' असं लिहून खाली सही करायची. एकदा सोमयाजुलूंनी आमटीत मीठ कमी आहे म्हटल्यावर तिने "किती टक्के?" असं विचारलं, तेव्हाच त्यांना पुढचं दिसायला हवं होतं.

संध्याकाळी पहिले पाहुणे आले ते पट्टाभिरामय्या, तिसऱ्या मजल्यावरचे. सगळे त्यांना आदराने पट्टाभीगारू म्हणत. वय एकाहत्तर. सरकारी रोजगार विनिमय केंद्रात एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे नोकरी या विषयावर बोलायचा अधिकार आपल्यालाच आहे असं ते मानत. इतक्या वर्षांत किती जणांना नोकऱ्या लावल्या असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, "आमचं काम नोंदणीचं होतं. लावण्याचं खातं वेगळं."

"अम्मायी," खुर्चीत बसत त्यांनी लेकीला हाक मारावी तसं विचारलं, "अर्ज लिहिलास?"

"बायोडेटा करतेय."

"बायोडेटा नंतर. आधी विनंती अर्ज. सुरुवात 'महोदय' अशी. पहिल्या वाक्यात 'नम्र' दोनदा आलं पाहिजे. आणि ही अकरा वर्षं? इथे लिही, 'कौटुंबिक कारणास्तव', पुढे कंसात 'सासू, मयत'. पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला जोड."

हैमवतीने ते कागदावर उतरवेपर्यंत पाचव्या मजल्यावरची मौनिका आली. मौनिका एका सॉफ्टवेअर कंपनीत माणसं निवडायचं काम करते. वय अठ्ठावीस. दिवसाला दोनशे बायोडेटा बघते आणि प्रत्येकाला सहा सेकंद देते. हैमवतीच्या बायोडेटाला तिने चांगले आठ सेकंद दिले.

"आंटी, हे काय? सासू, मयत?"

"ते पट्टाभीगारू म्हणाले."

"बायोडेटात कुणी मरत नसतं, आंटी. आणि रिकामी जागा तर अजिबात दाखवायची नाही. मशीन वाचतं आधी. मशीनला रिकामी जागा दिसली की ते फेकून देतं." बोलता बोलता तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि दहा मिनिटांत अकरा वर्षं भरून टाकली. 'वृद्धसेवा, बालविकास व निवासी व्यवस्थापन या क्षेत्रांत स्वतंत्र नेतृत्व. मर्यादित मनुष्यबळात चोवीस तास सेवा.'

"मर्यादित मनुष्यबळ म्हणजे कोण?" सोमयाजुलूंनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

"तुम्ही," हैमवती म्हणाली.

मुलगी स्निग्धा सुट्टीला घरी होती. तिने तो बायोडेटा वाचला, परत वरून खाली वाचला आणि म्हणाली, "अम्मा, छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

ही शंका हैमवतीलाही आली होती, पण मुलीने बोलून दाखवलेली शंका मान्य करायची नसते. तिने तोच बायोडेटा पाठवायला सुरुवात केली. सकाळी आमटी उकळेपर्यंत दोन अर्ज, दुपारी सगळे झोपले की पाच. बोटांना आवकायचं लाल तेल लागलेलं असायचं, त्यामुळे लॅपटॉपवरची 'एंटर'ची कळ कायमची तांबडी झाली आणि मोहरीचा वास मारू लागली. तीन आठवड्यांत चौऱ्याऐंशी अर्ज गेले. सत्तर जणांनी उत्तरच दिलं नाही. अकरा जणांचा नकार इतक्या झटपट आला की अर्ज वाचायच्या आधीच तो लिहून ठेवला असावा. उरलेल्या तिघांपैकी एकाने तिला विम्याची एजंट व्हायला सांगितलं, दुसऱ्याने अनुभव भरपूर असल्याने ही जागा आपल्याला लहान पडेल असं कळवलं आणि तिसऱ्याने अनुभव जुना असल्याने ही जागा आपल्याला मोठी पडेल असं कळवलं.

"एकूण जागेचं माप चुकतंय," सोमयाजुलू म्हणाले. त्यांना सहानुभूतीच दाखवायची होती. पण त्या रात्री त्यांना आमटी गरम करून मिळाली नाही.

मग जाहिरात आली. 'निरामय लॅबोरेटरीज, गुणवत्ता विभाग, सहा जागा, रविवारी सकाळी नऊला थेट मुलाखत.' वयाची अट नव्हती. मशीनही नव्हतं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व कागदपत्रांवर उमेदवाराचे नाव एकच असणे आवश्यक.'

हैमवतीने सगळी कागदपत्रं पलंगावर मांडली आणि पलंगावरच बसली. पदवीवर होतं 'वेम्पराला वेंकट सूर्य सत्य हैमवती', कारण तेलुगू घरात मुलीचं नाव ठेवताना कुठल्याच देवाला दुखवत नाहीत. आधार कार्डावर नवऱ्याचं आडनाव लावून 'गरिमेल्ला हैमावती'. पॅन कार्डावर 'हिमवती जी'. आणि जुन्या कारखान्याच्या अनुभवपत्रावर 'व्ही. व्ही. एस. एस. हायमावती'. नऊ वर्षांचा अनुभव या शेवटच्या बाईला होता, पदवी पहिलीला होती आणि नवरा दुसरीचा होता.

"त्यात काय!" पट्टाभीगारू म्हणाले. आता ते रोज सकाळच्या कॉफीलाच येऊ लागले होते. "चारही व्यक्ती एकच असल्याचा दाखला मिळतो. मी येतो बरोबर. कचेरीत कसं बोलायचं ते मला माहीत आहे."

कचेरीतल्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाने चारही कागद पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ डाव बघितला.

"या चौघी कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"मीच आहे," हैमवती म्हणाली.

"ते तुम्ही म्हणता. या हिमवतीबाईंची हरकत नाही कशावरून?"

"अहो, हिमवतीबाई मीच!"

"रागावू नका अम्मा. उद्या त्या आल्या तर मी काय उत्तर देऊ? साक्षीदार लागेल. तुम्हाला चारही नावांनी ओळखणारा."

पट्टाभीगारू घसा खाकरून पुढे झाले. हा क्षण आपल्यासाठीच राखून ठेवलेला होता असा त्यांचा चेहरा झाला.

"तुम्ही यांना गरिमेल्ला हैमावती म्हणून ओळखता?"

"ओळखतो."

"हिमवती म्हणून?"

"ओळखतो."

"हाक काय मारता?"

"अम्मायी."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे पाचवं नाव निघालं."

त्यानंतर दोन तास गेले. शपथपत्राचा कागद आणायला खाली, टंकलेखकाकडे समोर, सहीसाठी वर, शिक्क्यासाठी परत खाली. वर गेल्यावर साहेब जेवायला गेले होते आणि खाली आल्यावर शिक्का साहेबांबरोबर गेला होता. पट्टाभीगारू मात्र माहेरी आल्यासारखे खुलले होते. रांगेतल्या तिघांना त्यांनी कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. तिघेही चुकीच्या खिडकीवर गेले. हैमवतीला उभं राहवेना आणि बसायला जागा नव्हती, म्हणून ती व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. शेवटी दाखला हातात पडला. त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं की वरील चारही नावे धारण करणारी व्यक्ती एकच असून तिचे नाव श्रीमती हेमलता असे आहे.

"दुरुस्तीला पंधरा दिवस," कारकून म्हणाला. "पण हेमलता वाईट नाही हो नाव."

रविवारी सकाळी सहाला सोमयाजुलूंनी गाडी काढली. पट्टाभीगारू न बोलावता आले. अंगात निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला राखाडी सफारी, बगलेत चामड्याची फाइल. "धीर द्यायला कुणी मोठं माणूस हवं," म्हणाले. हैमवतीच्या घरी चार इडल्या खाऊन त्यांनी स्वतःला धीर दिला आणि सगळे निघाले.

कारखान्याच्या फाटकाबाहेर तीन रांगा होत्या आणि तिसरी रांग रस्त्याला वळण घेऊन दिसेनाशी झाली होती. सहा जागांसाठी सातशे मुलं. सगळ्यांच्या पाठीवर सारख्याच पिशव्या, सगळ्यांच्या हातात सारख्याच फायली, चेहरेही तसेच, घडी घालून इस्त्री केलेले. सोमयाजुलू गाडी लावायला गेले, पट्टाभीगारू "मी चौकशी करतो" म्हणून पुढे सटकले. हैमवती रांगेच्या टोकाशी गेली, तेवढ्यात फाटकावरच्या रखवालदाराने तिला अडवलं.

"अम्मा, पालकांची सोय तिकडे. मांडवात. ताक आहे."

"मी मुलाखतीला आलेय."

"सगळ्या आया असंच म्हणतात. मुलांबरोबर आत जाता येणार नाही. वरून ऑर्डर आहे."

"अहो, मी स्वतः उमेदवार आहे! हे बघा अनुभवपत्र."

रखवालदाराने अनुभवपत्र बघितलं. "हायमावती कोण? मुलगी?"

हैमवती मांडवात गेली. ज्या बाईने नऊ वर्षांत एकही खोटा रिपोर्ट पुढे जाऊ दिला नव्हता, ती हातात ताकाचा ग्लास घेऊन 'पालक' असं लिहिलेल्या फलकाखाली बसली. तीनदा उठली, तीनदा बसली. शेजारी सूर्यापेटहून पहाटेच्या बसने आलेली यादम्मा होती. तिने डबा उघडून चिंचेचा भात पुढे केला.

"घ्या. तुमचा मुलगा की मुलगी?"

"मीच," हैमवती म्हणाली.

यादम्माचा घास हातातच राहिला. "तुम्हीच म्हणजे?"

"मीच नोकरीला आलेय. आणि तो मला आत सोडत नाही."

ही गोष्ट यादम्माने पलीकडच्या बाईला सांगितली, तिने पुढच्या ओळीला. दोन मिनिटांत मांडवातल्या तीस-पस्तीस आया उठल्या. पोटच्या पोरांसाठी सकाळपासून गप्प बसलेल्या त्या बायकांना भांडायला शेवटी एक कारण मिळालं होतं. यादम्मा सगळ्यांत पुढे होती.

"काय रे, वय बघून हाकलतोस होय? तुझी आई कामाला जाते की नाही?"

"जाते, अक्का."

"मग तिला कुणी मांडवात बसवून ताक पाजलं तर चालेल का तुला?"

रखवालदाराने टोकन दिलं. क्रमांक सहाशे अठ्ठावीस. दाखल्याची, हेमलतेची आणि त्या चार नावांची चौकशी कुणीही केली नाही. कागद तपासायला बसलेल्या मुलीने गठ्ठ्यावर शिक्का मारला आणि तो तसाच परत दिला. इतक्या अपमानांत हा एक हैमवतीने मोजला नाही.

मुलाखती सहा खोल्यांत चालल्या होत्या, तरी तिचा नंबर लागायला दुपारचे तीन वाजले. आत टेबलामागे मध्ये गुणवत्ता विभागाच्या प्रमुख डॉक्टर नुजहत फातिमा होत्या. वय पस्तिशीचं, चेहरा दमलेला, पण डोळे लख्ख. त्यांच्या डावीकडे भरती विभागाचे विद्यासागर. आणि उजवीकडे, एका भल्यामोठ्या पुष्पगुच्छामागे, काजूच्या बशीशेजारी, बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणून पट्टाभीगारू बसले होते.

झालं होतं ते असं. मुलाखतीसाठी एक प्रोफेसर येणार आहेत, त्यांना उन्हात उभं करू नका, असं रखवालदाराला सांगितलेलं होतं. पट्टाभीगारू फाटकावर गेले आणि म्हणाले, "मुलाखतीसंबंधी आलोय." रखवालदाराने सलाम ठोकला. त्रेचाळीस वर्षांची बाई दिसली की आई, एकाहत्तर वर्षांचा पुरुष दिसला की प्रोफेसर. त्याचं शास्त्र सरळ होतं. पुढे पुष्पगुच्छ आला, चहा आला, काजू आले, खुर्ची आली. एकतीस वर्षांच्या नोकरीत पट्टाभीगारूंना कुणी न मागता खुर्ची दिली नव्हती. ते बसले.

हैमवतीला बघून त्यांनी 'मी हिला ओळखत नाही' असा चेहरा केला. तो इतक्या मेहनतीने केला की विद्यासागरांनी त्यांना पाणी हवं का विचारलं.

"नाव काय, अम्मायी?" पट्टाभीगारूंनी विचारलं.

"हैमवती."

"सुंदर. घरून जेवून निघालात का?"

हा प्रश्न ते सकाळपासून प्रत्येकाला विचारत होते. हैमवतीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्याच घरच्या चार इडल्या त्यांच्या पोटात होत्या.

"हो," ती म्हणाली.

"माझ्या मते या उमेदवाराला आणखी काही विचारायची गरज नाही," पट्टाभीगारू म्हणाले आणि समोरच्या कागदावर दहापैकी नऊ मांडले. "चेहऱ्यावरच ज्ञान दिसतं."

"सर, मी अजून एकही प्रश्न विचारलेला नाही," नुजहत म्हणाल्या.

हैमवती दोन मिनिटं गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. चौऱ्याऐंशी अर्ज, कचेरीचे जिने, मांडवातलं ताक, सगळ्याचं सार्थक समोरच्या कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. तिने स्वतःला बजावलं, गप्प बस. पण बसवेना. मग ती उभी राहिली.

"मॅडम, हे प्रोफेसर नाहीत. हे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात."

काजूच्या बशीकडे गेलेला हात पट्टाभीगारूंनी मागे घेतला.

"मी प्रोफेसर आहे असं म्हणालो कधी?" पट्टाभीगारू उठत म्हणाले. "कुणी विचारलंच नाही. बसा म्हणाले, बसलो. खा म्हणाले, खाल्लं."

विद्यासागर लालबुंद झाले. हे दोघं ठरवून आलेत, ही टोळी आहे, सकाळपासूनचे सगळे गुण रद्द करावे लागतील, असं बरंच काही ते बोलले. हैमवतीला बाहेरच्या बाकावर बसवलं गेलं. पट्टाभीगारूंना फाटकापर्यंत पोचवायला दोन माणसं दिली. जाताना त्यांच्या हातून पुष्पगुच्छ काढून घ्यावा लागला, आणि तो त्यांनी सहजासहजी सोडला नाही.

मग खऱ्या प्रोफेसरांचा शोध सुरू झाला. ते अडतीस वर्षांचे निघाले. जीन पँट, पाठीवर पिशवी. रखवालदाराने त्यांना सकाळी नऊलाच टोकन देऊन रांगेत उभं केलं होतं, आणि ही इथली पद्धत असावी म्हणून ते बिचारे सहा तास उन्हात उभे होते. मागच्यापुढच्या मुलांना त्यांनी तोवर सगळी उत्तरं सांगून टाकली होती. विद्यासागर डोकं धरून बसले.

हैमवती बाकावर बसली, उठली, पाण्याच्या पिंपापर्यंत गेली, तहान नसताना पाणी प्यायली, परत आली. आपण काय करून बसलो? पट्टाभीगारूंचा पाणउतारा केला, तोही परक्यांसमोर. बरं, केला तो केला, पदरात काय पडलं? 'टोळी' हा शब्द. आमच्या घराण्यात असा शब्द कुणाला लागला नव्हता. पाऊण तासाने दार उघडलं आणि नुजहतनी तिला पुन्हा आत बोलावलं. आता त्या एकट्याच होत्या.

"नऊ गुण मिळाले होते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "का बोललात?"

"एकही प्रश्न न विचारता दहापैकी नऊ. असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता."

नुजहत हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एक नमुना तिघांनी तपासला. औषधाचं प्रमाण आलं अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव आणि एक्क्याण्णव टक्के. काय कराल?"

"एक्क्याण्णव खोडणार नाही. तो का आला ते आधी शोधीन. काचेचं भांडं, वजनकाटा, माणूस, सगळं. कारण सापडेपर्यंत माल बाहेर जाणार नाही."

"सकाळपासून बहुतेक मुलांनी तो काढून टाकला." नुजहतनी पुढचे चार प्रश्न विचारले, नव्या यंत्रांबद्दल, त्यांच्या संगणकाबद्दल. हैमवतीने चारही वेळा "माहीत नाही" असं सांगितलं. चौथ्या वेळी तिचा आवाज अगदी खाली गेला.

"ही अकरा वर्षं काय करत होतात?"

पट्टाभीगारूंचा कंस, मौनिकाचं नेतृत्व, सगळं एकदम तिच्या जिभेवर आलं आणि एकमेकांत अडकलं. शेवटी ती म्हणाली, "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना उचलायचं, बसवायचं, भरवायचं. नऊ वर्षं. मग त्या गेल्या. आणि नंतर मला बसवेना."

नुजहतनी बराच वेळ कागदावर काहीतरी गिरवलं. "त्या सहा जागांपैकी एकही मी तुम्हाला देऊ शकत नाही. यंत्रं येत नाहीत तुम्हाला, हे खरं आहे. सहा महिने शिकाऊ म्हणून घेऊ शकते. नव्या मुलांचाच पगार, नव्या मुलांबरोबरच बसायचं, आणि शिकवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. सहा महिन्यांनी परीक्षा. नापास झालात तर घरी. विचार करून सांगा."

"केला," हैमवती म्हणाली. नवऱ्याला विचारून सांगते असं म्हणायची रीत आहे, हे तिला दाराबाहेर पडल्यावर आठवलं.

मांडव निम्मा रिकामा झाला होता. यादम्मा अजून तिथेच होती आणि तिच्या शेजारी गुडघ्यांत डोकं घालून तिची मुलगी बसली होती. बावीस वर्षांची सुप्रजा.

"झालं का हो तुमचं?" यादम्माने विचारलं.

हैमवतीला खोटं बोलावंसं वाटलं. "झालं. शिकाऊ म्हणून."

"बरं झालं." यादम्मा ते मनापासून म्हणाली. मग पदराने तोंड पुसण्यात तिने जरा जास्तच वेळ घेतला. "हिचं नाही झालं. हे चौथं ठिकाण."

हैमवती उभी राहिली. मांडवाच्या खांबाला हात लावून तिने उगाच तो हलवून बघितला. मग ती खाली सतरंजीवर बसली, अगदी मांडी घालून.

"तीन आकडे विचारले का तुला? अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एक्क्याण्णव?"

गुडघ्यांतून उत्तर आलं, "हो."

"काय म्हणालीस?"

"एक्क्याण्णव चुकीचा. काढून टाकीन." सुप्रजाने डोकं वर काढलं. डोळे सुजलेले होते, पण त्यांत रागही होता. "आम्हाला कॉलेजात तसंच करायला सांगायचे. सर म्हणायचे, रिपोर्ट स्वच्छ दिसला पाहिजे."

"तुझ्या सरांना एकदा भेटायला पाहिजे. पेन आहे?"

"आंटी, तुमचं झालंय ना? मग मला कशाला शिकवता?"

"मला राहवत नाही म्हणून," हैमवती म्हणाली. "दे ते पेन. हे बघ, समज तू वजन घेतलंस आणि पंखा चालू होता. काय होईल?"

"काटा हलेल."

"मग? लिही, पहिलं कारण. आता दुसरं तू सांग."

यादम्माने चिंचेच्या भाताची कागदी पत्रावळ पुसून पुढे केली, कागद कमी पडू नये म्हणून. पाठच्या बाजूवर आकडे पडू लागले. मांडवात उरलेल्या दोन मुली उठून जवळ आल्या आणि वाकून बघू लागल्या.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. गाडीत सोमयाजुलू आणि पट्टाभीगारू तासभर एकत्र होते. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तेव्हा हैमवतीने मान न वळवता डावा हात वर केला आणि पाचही बोटं पसरून दाखवली.

बायकोची पाच मिनिटं म्हणजे किती, हे कुठल्याच नवऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सोमयाजुलूंनी गाडी बंद केली, काच खाली केली, चप्पल काढून पाय वर घेतले. मग त्यांनी फुगून बसलेल्या पट्टाभीगारूंकडे बघितलं. संसारासाठी माणसाला काय काय करावं लागतं! त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"काय हो पट्टाभीगारू," ते म्हणाले, "तुमच्या वेळी ऑफिसात फायली कशा लावायचे?"

पट्टाभीगारूंचा चेहरा हळूहळू उजळला. ते सरसावून बसले.

"सत्त्याऐंशी सालची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "त्याआधी पंच्याऐंशीची सांगावी लागेल."